एकतीस नंबरची पुडिंग

ट्रेलोरांच्या घरात माणसांनासुद्धा आकडे पडत. एक ते पाच. जनावराच्या अंगावर किती मांस-चरबी आहे ते हाताने चाचपून सांगायचा हा आकडा. एक म्हणजे हाडांचा सापळा, पाच म्हणजे चरबीचा गोळा, आणि तीन म्हणजे जसं असावं तसं. कमरेच्या आडव्या हाडांवर अंगठा दाबायचा, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवायची आणि आकडा बोलायचा. हे ज्याच्या हाताला येत नाही त्याने या पठारावर गुरं पाळू नयेत, सरळ दुकान टाकावं, असं अल्विन ट्रेलोर चाळीस वर्षं सांगत आला होता. त्यामुळे नाताळच्या जेवणात त्याच्या बायकोने, मर्लने, सगळ्यांसमोर त्याच्या कमरेत अंगठा खुपसून "सव्वाचार" म्हटलं, तेव्हा तो आकडा त्याला मानून घ्यावा लागला.

आता आकडे बोलायचं काम त्याची मुलगी जॉस करत होती. दोन वर्षांपूर्वी अल्विनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि गुरांचा कारभार तिने हातात घेतला. कारभार कसला, राज्यच म्हणा. फ्रिजवर तिने कागद लावला होता. त्यावर सगळ्या पहिलारू कालवडींचे बिल्ल्याचे नंबर, तारीख आणि आकडा. नाव एकीलाही नाही. "नाव ठेवलं की डोकं चालेनासं होतं," असं जॉस म्हणायची. हे वाक्य मूळचं अल्विनचं. मुलं नको तेच बरोबर उचलतात.

पण एकतीस नंबरला नाव होतं. पुडिंग. तांबडं अंग, पांढरं तोंड आणि बारा महिने भूक.

ती कशी आली तेही सांगतो. ऑपरेशननंतर अल्विन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला होता. नर्स व्यायाम शिकवून गेली, तो हूं हूं करून पडला तो पडलाच. मर्लने गोडीने सांगितलं, रागाने सांगितलं, शेवटी सांगणं सोडलं. मग एका सकाळी जॉसने आई मेलेलं चार दिवसांचं वासरू आणून धुण्याच्या खोलीत सोडलं आणि म्हणाली, "हिला सहाला बाटली लागते. मला वेळ नाही." आणि निघून गेली. वासरू चाळीस मिनिटं हंबरत राहिलं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला अल्विन जगातल्या एकूण एक गुरांना शिव्या घालत उठला. महिनाभरात त्याची काठी सुटली. घरात हे कोणी बोलून दाखवत नसे, पण त्या वासरानेच म्हाताऱ्याला पायावर उभं केलं हे तिघांनाही ठाऊक होतं.

आता ती पुडिंग मोठी झाली, वळूकडे गेली, गाभण राहिली. आणि अल्विनची खरी काळजी तिथून सुरू झाली. कारण या रानाचा एक नियम होता, आणि तो खुद्द अल्विनने केलेला होता. वळू कळपात नऊ आठवडे ठेवायचा. नऊ आठवड्यांत कालवड तीन वेळा माजावर येते. तीन संधी. तेवढ्यात राहिली तर राहिली. मार्चमध्ये तपासणीला रिकामी निघाली तर पाठीवर निळी रेघ ओढायची आणि कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवायची. पहिलटकरणी पहिल्यांदा गाभण राहतात हो. पण ती व्याली, दूध सुरू झालं, स्वतःचं अंगही अजून वाढतंच आहे, अशात दुसऱ्यांदा राहणं, खरी गोम तिथं असते. तिथंच निम्म्या निळ्या रेघा पडतात.

हा नियम अल्विनने कधी मोडला नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी मर्लची लाडकी दुभती गाय, ग्लॅडिस, रिकामी निघाली. मर्ल तेव्हा माहेरी गेली होती. परत आली तर ग्लॅडिसचा ट्रक गेलेला. मर्लने आदळआपट केली नाही. फक्त त्या दिवसापासून रविवारी भाजलेल्या मांसाचं ताट टेबलावर आलं की ती नवऱ्याला शांतपणे विचारायची, "ही कोण रे, अ‍ॅल?" सव्वीस वर्षं. गुणाकार तुम्हीच करा.

असो. तर पुडिंग गाभण. जून महिना, पृथ्वीच्या या खालच्या अर्ध्यात ऐन हिवाळ्याचा, सकाळी हौदावर बर्फाची काच धरलेली, गवत सुकून दोऱ्यासारखं झालेलं. जॉसने शेहेचाळीस कालवडींना क्षारांच्या चाटणविटा ठेवल्या, एक दिवसाआड मुरघास ठरवून दिला आणि बापाला बजावलं, "डॅड, तू फक्त पाण्याचे हौद बघायचे. खाण्यात हात घालायचा नाही. सगळ्या तीनवर व्यायला हव्यात. बारीक राहिली तर ताकद नाही, जाड झाली तर वाट अडते."

"मला शिकवतेस?" अल्विन म्हणाला.

"तुझंच तुला परत देतेय."

अल्विन हौद बघायला लागला. इतक्या मनापासून त्याने हौद जन्मात कधी बघितले नव्हते. रोज सकाळी जायचा, आणि जाताना कोटाच्या खिशात कॉफीचा जुना डबा असायचा. डब्यात सरकी. हौदाच्या कोपऱ्यावर पुडिंग तारेवरून मान टाकून उभीच असायची. एक डबा फक्त. एका डब्याने काय होतंय? शिवाय बिचारी दोन जिवांची.

जुलैच्या सुरुवातीला सगळ्या कालवडी खोड्यातून, म्हणजे जनावर उभं जखडायच्या चौकटीतून, एकेक करून काढल्या. जॉसने एकेकीच्या कमरेवर हात ठेवत आकडे सांगितले. तीन, तीन, पावणेतीन, तीन. मग पुडिंग आली. जॉसने अंगठा दाबला, तो आत रुतला.

"साडेचार," ती म्हणाली. "हिच्या वाट्याला काय वेगळा वारा वाहतो का इथं?"

"काहींच्या अंगालाच लागतं," अल्विन म्हणाला.

"हो ना," मर्ल म्हणाली. ती खोड्याच्या मागच्या दरवाजाचा दोर धरून उभी होती. "आमच्याकडेही एक आहेत तसे."

जॉसने ते कागदावर लिहिलं आणि पुढच्या कालवडीकडे वळली. अल्विन मात्र दिवसभर हिशेब करत बसला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण या चोराला आपली चोरी पक्की मोजता येत होती. एका डब्याने दीड आकडा चढत नाही. काही केल्या चढत नाही.

ऑगस्टमध्ये पुडिंग त्याच हौदाच्या कोपऱ्याशी विताना अडली. सकाळी सातला सुरू झाली ती दहा वाजले तरी दोन खुरांच्या पुढे काही येईना. जॉसने कोपरापर्यंत हात घातला, पायांना दोर लावले. कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं. अल्विन पुडिंगचं डोकं धरून गुडघ्यांवर बसला होता. नव्या खुब्याने गुडघ्यांवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते डॉक्टर जाऊ देत. तो तिच्या कानात काय बोलत होता ते मर्लने ऐकलं, पण नंतर त्यावरून तिने त्याला कधी चिडवलं नाही. एवढी एकच गोष्ट तिने सोडली.

साडेदहाला वासरू आलं. दांडगं, पण जिवंत. जॉस उठली, दंडापर्यंत माखलेली, चेहरा पांढराफटक.

"आत नुसती चरबी," ती म्हणाली. "कोण घालत होतं हिला?"

अल्विनने टोपी काढली. "मी. एक डबा सरकी. रोज."

"एक डबा," जॉस म्हणाली.

"आणि थोडी उरलेली लापशी," मर्ल पाण्याच्या बादलीकडे बघत म्हणाली. "ब्रेडच्या कडा. फेकायच्या कशाला म्हणून."

अल्विनने बायकोकडे असं पाहिलं की जणू तिने बँक लुटली होती. तेवढ्यात टपालवाला क्लेम कुंपणाशी येऊन उभा राहिला. टपालाची पेटी त्याच हौदाच्या कोपऱ्यावर होती. आठवड्यातून दोनदा यायचा. "मी फक्त डागाळलेली सफरचंदं," तो म्हणाला. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

तेव्हा जॉस अशी काही तडकली. "आजपासून हिला कोणी चोरून एक दाणा घालायचा नाही. शप्पथ घ्या." तिघांनी घेतली. क्लेमने तर हात वर करून घेतली.

पुडिंगचा मागचा पाय ओढाताणीत दुखावला होता. बाकीच्या व्यालेल्या कालवडी ओट्सच्या हिरव्या चाऱ्यात चरायला गेल्या आणि ही घरामागच्या छोट्या आवारात राहिली. जॉसला अजून चाळीस बाळंतपणं काढायची होती. तिने फ्रिजवर लिहिलं, 'एकतीसला रोज लसूणघासाचा अर्धा गठ्ठा', आणि अल्विनला म्हणाली, "आता हिचं तू बघ. जास्त नाही, कमी नाही."

चूक झाली ती इथं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. अल्विन तर पाणीही फुंकायला लागला. गठ्ठा अर्धा केला की त्याला तो अर्धा ढीग दिसायचा, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते दोर यायचे. मग तो त्यातलंही अर्धं परत न्यायचा. मर्लने लापशी कोंबड्यांना घातली. क्लेम पेटीत पत्रं टाकून मान खाली घालून जायचा. पुडिंग तारेवरून मान काढून हंबरायची आणि अल्विन तिला म्हणायचा, "नाही गं बाई. मी शप्पथ घेतलीय." वासरू मात्र ढुशा देऊन देऊन पीत होतं. कास रिकामी केल्याशिवाय सोडायचं नाही.

आठ आठवड्यांनी, ऑक्टोबरच्या मध्यावर, जॉस आवारात आली. वळू सोडायला पाच दिवस होते.

"बघ," अल्विन अभिमानाने म्हणाला, "कशी सडपातळ झालीय. एक दाणा जास्त घातला नाही."

जॉसने पुडिंगच्या कमरेवर हात ठेवला. हिवाळ्याचे केस अजून झडले नव्हते, वरून सगळं ठीक दिसत होतं. पण हात तिथंच थांबला. तिने बापाचा हात धरून त्याच जागी ठेवला. केसांखाली हाडं एकेक करून मोजता येत होती.

"दोन," अल्विन म्हणाला. हात लावल्याशिवाय आकडा बोलू नका, असं जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, आणि आठ आठवडे स्वतः हात लावला नव्हता. लाजेने लावला नव्हता.

"डॅड, पोटात वासरू होतं तेव्हा तुम्ही हिला दोघांचं घातलंत," जॉस म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "तेव्हा ते केवढंसं होतं. आता ते बादलीभर दूध ओढतंय, तर हिला एकटीचंसुद्धा मिळत नाही. हिचे स्वतःचे दुधाचे दात पडतायत अजून."

"आता माजावर येईल का?"

"अशी? अंगात काही नसताना? तूच सांग."

त्याला सांगता येत होतं. मार्चमध्ये निळी रेघ, आणि ती रेघ पुडिंगने नाही, त्याने ओढलेली असणार. त्या दुपारी तो जेवला नाही. मर्लने ताट परत नेलं आणि काहीही विचारलं नाही, हे जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवसापासून खाणं चोरून नाही, राजरोस सुरू झालं. एकदम घालून चालत नाही, पोट बिघडतं. म्हणून आधी घास पोटभर, मग सरकी मूठमूठ वाढवत, वर थोडी मळी. पुडिंगला पुन्हा कळपात सोडलं, बिशप नावाचा वळूही त्याच कळपात. अल्विन रोज सकाळी बादली घेऊन पाऊण मैल चालायचा, आणि दर शनिवारी तिच्या कमरेवर हात ठेवून फ्रिजवर आकडा लिहायचा. दोन. दोन. दोन. सव्वादोन.

"लिही ना अडीच," मर्ल म्हणाली. "कागदाला काय कळतंय."

"तिच्या हाडांना कळतं."

"सव्वीस वर्षांपूर्वी कुठं होता हा माणूस?" मर्लने चहात साखर घातली. तिने पाठ फिरवली होती, त्यामुळे ती हसत होती की नव्हती ते त्याला कळलं नाही.

बावीस डिसेंबरला बिशपला बाहेर काढलं. जॉसने फ्रिजवर ठळक लिहिलं, 'वळू बाहेर'. पुडिंग तेव्हा अडीचवर आली होती. ती माजावर आलेली कोणी पाहिली नव्हती. अल्विन रोज पहाऱ्यावर होता, त्याला दिसलं असतं. तीन संधी संपल्या.

"तुम्ही दोघं समुद्रावर जा," जॉस म्हणाली. दर वर्षी नाताळानंतर ती दोघं मर्लच्या बहिणीकडे किनाऱ्यावर जात. या वर्षी अल्विन नको म्हणत होता. "जा रे. पुडिंगला मी घालते. तिला घरामागेच आणून ठेवते." तिने त्याला जवळजवळ ढकलूनच गाडीत बसवलं. तो तीन आठवडे वाळूत छत्रीखाली बसला आणि रोज दुपारी फोन करून विचारायचा, "आकडा?" मेहुणीला वाटलं हा रेसवर पैसे लावतोय.

पाच मार्चला तपासणी झाली. जनावरांची डॉक्टर रोवेना, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून, डोळ्यांवर सोनोग्राफीच्या पडद्याचा चष्मा लावून खोड्यामागे उभी राहिली. त्या चष्म्यात तिला पोटातलं वासरू दिसतं आणि त्याचं वयही दिवसावर सांगता येतं. अल्विनच्या हातात टोपणवाला निळा रंगखडू होता. हे काम चाळीस वर्षं त्याचंच, ते जॉसनेही काढून घेतलं नव्हतं. सकाळपासून त्याने पाच रेघा ओढल्या होत्या.

पुडिंग खोड्यात आली. ओळख दाखवायला तिने मान वळवली. अल्विनने दुसरीकडे पाहिलं.

रोवेनाला वेळ लागला. मर्लने दोर हाताला गुंडाळून घेतला होता, इतका की बोटं पांढरी झाली.

"गाभण," रोवेना म्हणाली.

अल्विनला खाली बसावंसं वाटलं, पण तिथं बसायला शेणच होतं.

"उशिराची आहे पण," रोवेना पुढे म्हणाली. "आठ आठवडे. एखादा दिवस इकडेतिकडे."

आता अल्विन म्हातारा होता, खुळा नव्हता. त्याने बोटांवर आठवडे मागे मोजले. जानेवारीचा दुसरा आठवडा निघाला. पुन्हा मोजले. तोच निघाला. बिशप बावीस डिसेंबरला बाहेर. फ्रिजवर ठळक अक्षरात.

"जॉस," तो म्हणाला, "वळू कधी काढला होता?"

"कुंपण तोडून आला असेल," जॉस म्हणाली. तिला एकाएकी वहीत फार काम निघालं.

"अच्छा," मर्ल म्हणाली. "कुंपण तोडून आला, कामगिरी केली, जाताना कुंपण बांधूनही गेला. गुणी आहे हो बिशप. अ‍ॅल, तुला उभ्या जन्मात असं कुंपण बांधता आलं नाही."

रोवेना हसू दाबत होती. तेवढ्यात जॉसने घाईने खोड्याचा पुढचा दरवाजा उघडला. पुडिंग बाहेर पडली, चार पावलं चालली, आणि सगळ्यांदेखत जॉसच्या कोटाच्या उजव्या खिशात नाक खुपसलं. शोधलं नाही, हुंगलं नाही, सरळ खुपसलं. रोज जायच्या वाटेवर पाऊल पडावं तसं. बाहेर आलं तेव्हा तोंडाला सरकी चिकटलेली होती.

अल्विनचा जुलैमधला हिशेब त्या क्षणी जुळला. लापशी-सफरचंदांनीही न भरणारा तो दीड आकडा कुठून आला ते कळलं.

"हिवाळाभर?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी. अर्धी बादली." जॉसने वही मिटली. कानापर्यंत लाल झाली होती. "माहितीय मला. मीच आकडे लिहिते, मीच नियम सांगते, आणि मीच सगळ्यात जास्त घातलं. ती अडली तेव्हा तुम्ही तिघं कबूल झालात आणि मी गप्प बसले." ती पुडिंगची मान खाजवायला लागली. "तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास, डॅड. मला वाटलं होतं तू उठणारच नाहीस. हिने उठवलं तुला. हिला मी तीन संधींत कशी बसवू?"

अल्विनने टोपी डोळ्यांवर ओढली. धूळ म्हणावी तर सकाळीच पाणी मारलं होतं.

"नियमाने बघायचं तर ही रिकामीच," रोवेना म्हणाली. तिला कागद भरायचा होता. "नऊ आठवड्यांच्या बाहेरची आहे. काय लिहू? नियम कोणाचा आहे?"

सगळ्यांनी अल्विनकडे पाहिलं. जॉसने, मर्लने, आणि चघळत चघळत पुडिंगनेही. त्याने हातातल्या निळ्या खडूकडे पाहिलं, मग टोपण शोधायला सगळे खिसे चाचपले. चाळीस वर्षांत मधेच टोपण लावायची वेळ आली नव्हती. शेवटी ते कॉफीच्या डब्यात सापडलं. त्याने टोपण लावलं आणि खडू खिशात टाकला.

"गाभण लिही," तो म्हणाला.

मग तो मर्लकडे गेला. तिच्या हाताला गुंडाळलेला दोर हळूहळू सोडवला.

"ग्लॅडिसलाही एक द्यायला हवी होती," तो म्हणाला. "चौथी संधी. निदान तू येईपर्यंत थांबायला हवं होतं. चुकलं माझं, मर्ल."

मर्लने बोटं चोळली.

"तुला गाभण राहायला सव्वीस वर्षं लागली, अ‍ॅल," ती म्हणाली. "बिशपने ऐकलं तर हसेल." पण बोलताना तिने त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

त्या रविवारी जेवताना मांसाचं ताट टेबलावर आलं. अल्विन सवयीने वाट बघत थांबला. मर्लने दोन काप त्याच्या ताटात वाढले, बटाटे वाढले आणि मोहरी जॉसकडे सरकवली.

"खा," ती म्हणाली. "साडेतीनवर आलायस."